मोका पॉट, तुर्की जेझवे आणि साउथ इंडियन फिल्टर: एकच पावडर तिन्हीत का चालत नाही?

सांजवात:
फिल्टर कॉफीची चिकोरीवाली (चिकोरी म्हणजे कॉफीत मिसळतात ते भाजलेलं मूळ) पावडर मोकात (गॅसवर ठेवायचं, खालचं पाणी वाफेच्या दाबाने पावडरीतून वर चढवणारं इटालियन भांडं) घातली की कॉफी वर येता येता अडते, जोडाच्या कडेने वाफ फुसफुसते, आणि जी काही येते ती कडूजहर. तीच पावडर जेझवेत (लांब दांड्याचं छोटं तुर्की भांडं) घातली तर फेस धरत नाही, कपात कचकच राहते. दोष पावडरीचा की पद्धतीचा? इटली-तुर्कस्तानातल्या घरांत नेमकं काय वेगळं करतात?

काळीकपिला:
मोकापुरतं सांगते. चिकोरीचा बराच भाग पाण्यात विरघळतो आणि चिकट होतो, त्यामुळे चाळणीत लगदा बसतो आणि पाणी अडतं. शिवाय पावडर चमच्याने दाबली असेल तर संपलंच. मोकात दाब जेमतेम दीड बारच्या आसपास असतो. ते एस्प्रेसोचं यंत्र नाही, दाबून भरलेल्या पावडरीतून पाणी ढकलणं त्याला जमत नाही. कडेने वाफ येते कारण रबरी गॅस्केट (दोन भागांच्या जोडातली चकती) कडक झालेलं असतं, नाहीतर काठावर पावडरीचे कण राहिलेले असतात. आवळण्याआधी काठ बोटाने पुसा.

इटालियन घरात साधारण असं करतात: निव्वळ कॉफी, दळण बारीक मिठाएवढं. तीन कपी पॉटला सुमारे 15 ग्रॅम, न दाबता, फक्त सपाट करून. पाणी खालच्या भांड्यातल्या व्हॉल्व्हच्या खालपर्यंतच, आणि शक्यतो आधीच गरम केलेलं, म्हणजे पावडर कोरडी भाजत बसत नाही. गॅस बारीक, झाकण उघडं. धार मधासारखी फिकी झाली की लगेच उतरवा. गुरगुर ऐकू येईपर्यंत थांबलात तर कडवटपणा कपात आलाच. 1933 पासून हे भांडं फारसं बदललेलं नाही, म्हणून सुटे भाग सहज मिळतात. गॅस्केट बदलून बघा.

(‘मोका साबणाने धुवायचा नाही’ असं पुष्कळ इटालियन सांगतात. रोज पाण्याने खळखळून धुणं ठीक, पण जुनं तेल खवट होतं. त्याला चव म्हणू नये.)

वेलदोडा:
जेझवेला दळण पिठासारखं लागतं, मैद्याच्या जवळपास. फिल्टरची पावडर त्यापुढे रवाच. एका छोट्या कपाला 7 ग्रॅम कॉफी, 70 मिली गार पाणी, आणि साखर सुरुवातीलाच, कारण नंतर ढवळलं की गाळ वर येतो. म्हणूनच तिथे पाहुण्याला कॉफी चढवण्याआधी विचारतात: साडे (बिनसाखरेची), ओर्ता (मध्यम) की शेकेर्ली (गोड)?

एकदा ढवळा, मग चमचा बाजूला. मंद आचेवर तीन-चार मिनिटांत फेस काठाकडे चढतो. उकळी फुटायच्या आत उतरवा, थोडा फेस चमच्याने कपात घ्या, पुन्हा क्षणभर आचेवर धरून ओता. उकळली की फेस मोडतो, मग काही करा, परत येत नाही. पावडर शिळी असली तरी फेस धरत नाही, कारण भाजलेल्या दाण्यातला कार्बन डायऑक्साइड उडून गेलेला असतो. ओतल्यावर दोन मिनिटं गाळ बसू द्या. शेवटचा घोट सोडायचा असतो.

(‘इब्रिक’ हे नाव बाहेर रूढ आहे. तुर्कीत इब्रिक म्हणजे तोटीची झारी.)

पितळीपेला:
चिकोरी खरी कामाची फिल्टरमध्येच: ती पाणी हळू सोडते, म्हणून डिकॉक्शन (खालच्या डब्यात उतरणारा कॉफीचा अर्क) दाट येतं. भोकांच्या वरच्या डब्यात 20 ग्रॅम पावडर, तिच्यावर फिल्टरची चकती हलकेच टेकवायची, मग उकळून अर्धा मिनिट थांबलेलं 100 मिली पाणी गोल फिरवत. पंधरा-वीस मिनिटांत उतरायला हवं. थेंबही पडत नसेल तर चकती जोरात दाबलीय किंवा भोकं बुजलीत. स्टीलचा रिकामा वरचा डबा थोडा वेळ आचेवर धरला की अडकलेले कण जळून जातात. आणि डिकॉक्शन उकळायचं नाही, उकळतं दूध त्यात घालायचं.

व्हिएतनामचा फिन (कपावर ठेवायचा छोटा फिल्टर) दिसायला याचाच भाऊ, पण तो चार-पाच मिनिटांत संपतो. रोबस्टा जातीची कॉफी, दळण जाडसर, आधी 20 मिली पाण्याने अर्धा मिनिट भिजवणं, आणि ग्लासच्या तळाशी कंडेन्स्ड मिल्क.

सांजवात:
ग्राइंडर एकच घ्यायचा असेल तर?

काळीकपिला:
मोकाच्या दळणाला लावून ठेवा. फिल्टरमध्ये ते चालेल, फक्त चिकोरी वेगळी आणून मिसळा: 80 ग्रॅम कॉफीला 20 ग्रॅम चिकोरी.

वेलदोडा:
जेझवे त्यात बसणार नाही. बहुतेक घरगुती हातग्राइंडर पिठापर्यंत जातच नाहीत. तुर्की पद्धतीचा पितळी नळकांड्यासारखा मिळतो तो वेगळा घ्या, नाहीतर थोडीथोडी दळूनच आणा. इतकी बारीक पावडर आठवडाभरात वास सोडते.