शब्दचर्चा : थान तोडणं, दूध सोडवणं की अंगावरचं सुटणं?

वावरातली (दिग्रस तालुका) :
अंगणवाडीतल्या मातांच्या बैठकीत वाचायला एक पान लिहून रायली. दोन वर्षांच्या आसपासच्या लेकराचं अंगावरचं दूध हळूहळू कसं बंद करायचं, हा विषय. मजकूर झाला, मथळ्यापाशी गाडी अडली. आमच्या गावात सगळ्या बाया 'थान तोडणं' म्हणतात. "काहो, पोट्टीचं थान तोडलं का नाई अजून?" हे नळावर, निंदणात, लग्नाच्या पंगतीत, कुठंही विचारतात. शब्द खणखणीत आहे. पण पानभर मी सांगणार की एकदम तोडू नका, अन् वर मोठ्या अक्षरात 'तोडणं'! 'स्तनपान बंद करणे' लिहिलं तर ग्रामपंचायतीची नोटीस वाटते. तुमच्याकडं काय म्हणतात?

कोशवाला :
'थान'ला गावंढळ समजून टाकू नका, एवढं आधी सांगतो. संस्कृत 'स्तन', प्राकृतात 'थण', मराठीत 'थान'. 'स्तोक'मधून 'थोडं' आलं तीच वाट. शहरात लोक 'स्तनपान' म्हणतात तेव्हा त्याच शब्दाचं जुनं रूप उच्चारतात, फक्त लाज वाटत नाही. 'पान्हा'ही असाच 'प्रस्नव'वरून झिजत आलेला. तुमच्या प्रश्नात नाम बिनतक्रार आहे, अडचण क्रियापदाची आहे.

नर्सताई :
दवाखान्यात याच बाया 'थान' म्हणत नाहीत. तिथं 'अंगावर'. "लेकरू अंगावर पेते", "अंगावरचं कमी पडते". हा आडपडद्याचा शब्द, आणि त्याचे घोळही आहेत. 'अंगावर जाणं' ही वेगळी तक्रार, 'दुखणं अंगावर काढणं' आणखी वेगळं. नवीन डॉक्टर बाहेरचे असले की पहिले दोन महिने मी दुभाषी. पण बाईला विचारताना 'अंगावर' म्हटलं की ती मोकळी बोलते, 'स्तनपान' म्हटलं की नुसती मान हलवते. अंगणवाडीच्या फळ्यावर 'स्तनदा माता' लिहिलेलं असतं. तो शब्द कोणा बाईनं स्वतःबद्दल वापरलेला मी तरी ऐकला नाही. लेकुरवाळी म्हणेल, स्तनदा नाही.

गोंदियाकर :
आमच्याकडे सरळ 'दूध सोडवणं'. पण ते हिंदी 'दूध छुड़ाना'वरून उचललेलं असावं असा मला संशय आहे. आमच्या भागात हिंदीचा शेजार इतका की आपलं कोणतं, त्यांचं कोणतं, कळत नाही.

कोशवाला :
उचललेलं नाही, भावकीतलं आहे. प्राकृतातल्या 'छ'चा मराठीत बऱ्याच ठिकाणी 'स' झाला, हिंदीत 'छ' राहिला. छुरी–सुरी, छाल–साल, तसंच छूटना–सुटणं, छोड़ना–सोडणं. तेव्हा 'सोडवणं' बिनधास्त वापरा.

आणि आता क्रियापदांकडे बघा, यात गंमत आहे. 'तोडलं' म्हटलं की कर्ता आई, लेकराला विचारलेलं नाही. 'सुटलं' म्हटलं की कर्ता कोणीच नाही, आपोआप झालं: "त्याचं दोन वर्षांचा असताना आपसूकच सुटलं." 'सोडलं' म्हटलं की लेकरानं स्वतः. 'सोडवलं' या सगळ्यांच्या मधलं. सोडतं लेकरूच, पण आईचा हात त्यात असतो. वावरातलीबाई, तुमच्या पानात जे सांगायचंय ते व्याकरणानं आधीच सांगून ठेवलंय.

वऱ्हाडी आजोबा :
व्याकरण गेलं वावरात. 'सोडवणं' म्हटलं का मले दारू सोडवणं आठोते. एस्टी स्टँडच्या भिंतीवर पायता ना, 'दारू सोडवा'? मायच्या दुधाले त्या रांगेत काहून बसवता? आन 'तोडणं' काही मारधाडीचा शब्द नोय. वरुड-मोर्शीकडं संत्र्याचा तोडा म्हणतात, थो काय संत्र्यावर अन्याय झाला का? फळ पिकलं का तोडतात. कच्चं तोडलं त चूक तोडणाऱ्याची, शब्दाची नाई.

वावरातली :
आजोबा, संत्र्याचं पटलं. पण तुमच्या काळी तोडत कसे, तेही लिहा की.

वऱ्हाडी आजोबा :
लिहितो ना. बुढ्या निंबाचा पाला वाटून लावत. कोणी काळाबोळ लावे, कोणी काजळ फासून "पाय, बाऊ झाला" म्हणे. लेकरू एकडाव तोंड लावे आन असं काही पाये मायकडं का बस. नाईतं मायच चार दिवस माहेरी जाये आन लेकरू आजीजवळ. वासराले मुस्कं बांधतात, ह्याईले निंब. लेकरू दोन-तीन रात्री गाव डोक्यावर घे, मंग निजे. आमी बी तसेच तुटलो, मेलो नाई.

नर्सताई :
मेलो नाई हे खरं, पण आईचं काय झालं ते बुढ्या सांगत नव्हत्या. दूध मागणीवर चालतं. लेकरू जेवढं ओढते तेवढं बनते. ओढणं एका दिवसात बंद केलं तरी शरीराला ते कळायला वेळ लागतो. तोवर छाती दगडासारखी भरते, तडस लागते, दूध साकळून गठानी होतात, कधी लालसर सुजून ताप येतो. अशी बाई दवाखान्यात येते तेव्हा सोबतची सासू म्हणते, "थान तोडलं ना, ताप येतेच." येतेच असं नाही! ताप आला, एखादी जागा लाल होऊन ठणकायला लागली, तर दवाखाना, घरी चोळत बसायचं नाही.

हळू केलं तर हे बहुतेक टळतं. एका वेळची एकच पाजणी कमी करायची. दुपारची आधी, कारण दुपारी लेकरू खेळात असतं, त्याचं मन दुसरीकडं नेता येतं. तीन-चार दिवस, वाटलं तर आठवडा, तसंच चालू द्यायचं, मग पुढची. निजतानाची सर्वांत शेवटी. छाती फारच दाटली तर हातानं थोडं काढायचं, बरं वाटेल इतकंच. सगळं रिकामं केलं की शरीर पुन्हा तेवढंच बनवते. लेकरू आजारी असेल, हगवण लागली असेल, तर काही दिवस हे सगळं थांबवायचं. एप्रिल-मेच्या आपल्या उन्हात तर मी सुरूच करू देत नाही.

आणि निंब-मिरचीबद्दल : निंबानं जीव जात नाही, पण लेकरू फसवल्यासारखं होते. मिरची लावणारणी आजही भेटतात. त्यांना मात्र मी रागावते.

भाषांतरकार (अकोला) :
एक मुद्दा सगळ्यांच्या नजरेतून सुटतोय असं वाटतं. आरोग्याच्या इंग्रजी मजकुरात 'वीनिंग' हा शब्द दोन गोष्टींसाठी येतो : वरचं खाणं सुरू करणं, आणि अंगावरचं बंद होणं. मराठीत या गोष्टी कधीच एक नव्हत्या. पहिली उष्टावण, तिला मुहूर्त, चांदीची वाटी, मामाची मांडी. दुसरीला ना विधी ना वेळ. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा आहे की पहिले 6 महिने फक्त आईचं दूध, मग वरच्या आहारासोबत 2 वर्षांपर्यंत आणि त्यापुढेही अंगावरचं. आता कोणी 'वीनिंग'चं 'दूध सोडवणे' असं डोळे झाकून भाषांतर केलं, तर "सहाव्या महिन्यात दूध सोडवा" असा अर्थ होतो! एक वर्ष ओलांडलेल्या लेकराला लागणाऱ्या ऊर्जेचा सुमारे तिसरा हिस्सा आईच्या दुधातून मिळू शकतो. त्याऐवजी ताटात काय आहे, हे बघायचं सोडून शब्दानंच ते काढून घ्यायचं? म्हणून सहा महिन्यांसाठी 'वरचं सुरू करणं' आणि दोन वर्षांनंतरसाठी तुमचा जो ठरेल तो शब्द. दोन्ही एका पानावर येत असतील तर दोन रकाने पाडा.

वावरातली :
हे लाख मोलाचं. आमच्याकडं सहाव्या महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत अंगणवाडीतून घरपोच आहाराची पाकिटं येतात, अन् पाकीट आलं म्हणजे आता अंगावरचं बंद, असं समजणाऱ्या एक-दोघी आहेतच. 'दूध बंद' असं कुठंच लिहिणार नाही.

गोंदियाकर :
'दूध तुटलं' आणि 'दूध तोडलं' यातही फरक करता ना? पहिल्यात आईलाच येईनासं झालं. "आजारपणात तिचं दूध तुटलं." दुसऱ्यात आहे, पण देत नाही.

कोशवाला :
बरोबर. आणि जनावराला 'आटणं'. गाय आटली, म्हैस आटवली. बाईच्या बाबतीत 'दूध आटलं' चालतं, 'ती आटली' चालत नाही. 'लुचणं' मात्र वासरू आणि लेकरू दोघांना सारखंच लागू.

जाता जाता, 'मी काय बोळ्यानं दूध पीत नाही' यातला बोळा म्हणजे कापसाचा किंवा चिंधीचा, दुधात बुडवून तान्ह्याच्या तोंडात पिळायचा. आजोबांच्या काळाबोळाशी त्याचा संबंध नाही. तो कोरफडीचा वाळवलेला रस, जहर कडू. एकानं पाजायचं, दुसऱ्यानं तोडायचं!

वावरातली :
मथळा केला : 'लेकराचं अंगावरचं हळूहळू सोडवताना'. दारूची आठवण येऊ नये म्हणून 'सोडवा' हे आज्ञार्थी रूप टाळलं, आजोबा. आत एका ठिकाणी कंसात 'थान तोडणं' ठेवलं, नाहीतर अर्ध्या बायांना कळणारच नाही कशाबद्दल चाललंय. निजतानाची पाजणी सुटेपर्यंत लेकराला बापाजवळ किंवा आजीजवळ निजवून बघा, असंही टाकलं. त्यावर एकीचा नवरा म्हणे, "मले सकाळी फवारणीले जा लागते." त्याचं उत्तर व्याकरणात नाही.

एकच बाकी आहे. दोन वर्षांचं लेकरू बोलायला लागलेलं असतं, त्याला समजावून सांगता येतं. पण त्याच्याशी बोलताना 'अंगावरचं' तर म्हणत नाही कोणी. तुमच्या घरी लेकरं काय म्हणतात?

नर्सताई :
दुदू. बहुतेक घरी दुदूच. काही घरी आई 'पिऊ' शिकवते. मी सांगते, जो शब्द लेकराचा तोच वापरा. "दुदू रात्री, दिवसा नाई" एवढं वाक्य त्याला पुरते. न मागता द्यायचं नाही, मागितलं तर खेकसायचं नाही.

गोंदियाकर :
आमच्याकडे 'बू'. बायकोनं एका दुपारी ब्लाउजवर हात ठेवून सांगितलं, "बू सरला." पोरगं क्षणभर बघत राहिलं आणि म्हणालं, "मंग दुसऱ्यातला दे."