मदत हवी आहे: प्रमोटरचे ५२ टक्के विशेष ठरावाला पुरतात का?

नमस्कार मंडळी,

बाबा गेल्यावर त्यांचे शेअर आईच्या डिमॅट खात्यात आले. त्यातल्या एका लिस्टेड कंपनीची वार्षिक सभा पुढच्या आठवड्यात आहे. नोटिशीतले दोन ठराव आम्हा दोघींनाही खटकले. सत्तरी ओलांडलेल्या व्यवस्थापकीय संचालकांची फेरनेमणूक, म्हणजे विशेष ठराव. आणि त्यांच्याच घरच्या फर्मचं गोदाम भाड्याने घेणं, हा साधा ठराव.

भावोजी म्हणाले, "प्रमोटरकडे, म्हणजे कंपनी ज्यांच्या ताब्यात आहे त्यांच्याकडे, ५२ टक्के शेअर आहेत, तुमच्या मताने काय होणार?" मला ते पटेना. एक्सचेंजच्या साइटवरून शेअरहोल्डिंग पॅटर्न (कोणाकडे किती शेअर याचा तक्ता) आणि मागच्या सभेचे मतदानाचे निकाल काढले आणि वही घेऊन बसले.

विशेष ठरावाला मोजतात ती पडलेली मतं, एकूण शेअर नव्हेत. बाजूची मतं विरोधी मतांच्या किमान तिप्पट लागतात. मागच्या वेळी ७० टक्के शेअरवरच मतदान झालं होतं. त्यातून प्रमोटरचे ५२ गेले की उरतात १८. ते सगळे विरोधात गेले तर अठरा त्रिक चोपन्न, ठराव पडला. पण त्यातला एकच टक्का घरी बसला की सतरा त्रिक एक्कावन्न, ठराव मंजूर! इतकं काठावर असेल असं वाटलं नव्हतं.

गोदामाच्या ठरावाला तर संबंधित मंडळींना बाजूने मत देताच येत नाही. म्हणजे तिथे सगळं त्या १८ टक्क्यांच्याच हातात. बरोबर ना?

बाबांकडे टाटा मोटर्सचे डीव्हीआर, म्हणजे कमी मताधिकाराचे शेअर होते, दहा शेअरमागे एक मत. २०२४ मध्ये ते रद्द होऊन दहाला सात या प्रमाणात साधे शेअर आले. तेव्हापासून मी पॅटर्नमधला मताधिकाराचा रकाना वेगळा बघते. या कंपनीत शेअरचे आणि मतांचे आकडे सारखेच आहेत.

अडलंय ते असं. सात वर्षं लाभांश न उचलल्याने आयईपीएफमध्ये (गुंतवणूकदारांसाठीच्या सरकारी निधीत) गेलेले शेअर पब्लिकमध्येच, म्हणजे प्रमोटर सोडून बाकीच्यांत दाखवलेत, पण त्यांचा मताधिकार गोठलेला असतो, म्हणून ते मी धरले नाहीत. चुकले का? आणि प्रमोटरचे बरेच शेअर गहाण आहेत. त्यांचं मत प्रमोटर देतो की कर्ज देणारी बँक? याचं उत्तर बदललं तर माझं सगळं गणितच बदलतं.

ई-व्होटिंग सभेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी ५ ला बंद होतं आणि एकदा दिलेलं मत बदलता येत नाही. जाणकारांनी त्याआधी सांगितलं तर आईला नीट समजावता येईल.