मदत हवी आहे : टर्बोपंप नसलेल्या स्वस्त रॉकेटचं वजनाचं गणित

लोकहो, कोणी रॉकेटवाले असाल तर जरा बघा. १९७० च्या दशकातल्या जर्मन ओट्राग कंपनीबद्दल वाचलं आणि तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. लुट्झ कायझरची आयडिया अशी की २७ सेंमी व्यासाचे स्टीलचे पाइप घ्यायचे, त्यात रॉकेल आणि नायट्रिक अ‍ॅसिड भरायचं, व्हॉल्व्ह फिरवायला गाडीच्या वायपरची मोटर (खरंच!) आणि असे पाइप जुडीने बांधून रॉकेट. १९७७-७८ ला झाईरमध्ये (आताचं काँगो) चाचण्याही झाल्या, पुढे राजकारणात सगळं बारगळलं.

टर्बोपंप (इंधन जोराने इंजिनात ढकलणारा वेगवान पंप) नाही, टाकीतल्या दाबानेच इंधन इंजिनात ढकलायचं, म्हणजे महागडी भानगडच गेली, पण टाकी जाड लागते. मी एक्सेलमध्ये ३० बार दाब आणि स्टीलवर ५०० मेगापास्कल ताण धरला तर एका घनमीटरला ९४ किलो टाकी येते, आत माल साधारण १ टन. इंजिनबिंजिन धरून कोरडं (इंधनाशिवायचं) वजन इंधनाच्या १२ टक्के. आयएसपी (इंजिन इंधनातून किती जोर काढतं त्याचं माप) सरासरी २७० सेकंद, कक्षेपर्यंत लागणारा एकूण वेग ९.४ किमी/सेकंद, दोन सारख्या स्टेज (टप्पे, प्रत्येकीला निम्मा वेग). १०० टनाच्या रॉकेटला पेलोड (कक्षेत नेता येणारं वजन) येतो ४९० किलोच्या आसपास! इस्रोचं छोटं रॉकेट एसएसएलव्ही १२० टनाचं आणि ५०० किलो नेतं, मग साध्या स्टीलच्या टाक्यांत हे जमत असेल तर सगळे करत का नाहीत? काहीतरी सुटतंय नक्की. ओट्रागवाले टाकीचा एक तृतीयांश भाग दाबलेल्या हवेसाठी ठेवायचे, मला त्या दाबासाठी वेगळ्या बाटलीत हेलियम वायू ठेवायचाय, तर ते कसं धरू? (टर्बोपंप लावा हे कृपया सांगू नका.)

प्रतिसाद :
अहो, हेलियमची बाटलीच सुटलीये. ३०० बारला भरलीत तर दर घनमीटर इंधनामागे ०.११ घनमीटरची बाटली लागेल, आणि तीही त्याच स्टीलची केली तर १०४ किलो, म्हणजे टाकीपेक्षा जास्त! दाब वाढवून वाचत नाही, बाटली लहान होते पण तेवढीच जाड होते. तुमचे १२ टक्के सरळ २२ वर गेले आणि दोन स्टेजमध्ये पेलोड शून्याच्याही खाली. तीन स्टेज करा, २२ टक्क्यांतही साडेतीनशे किलो निघतात. कार्बन फायबरची बाटली हलकी पडेल पण मग ‘स्वस्त’चं काय, तो हिशोब लावून इथेच टाका.