इस्तंबूल : सोमवारी रात्री विमान आहे, शेवटचा दीड दिवस कसा घालवू?

सेलूची_शिलाई (शनिवार रात्र)

नमस्कार मंडळी. सध्या इस्तंबूलला आहे, एकटीच. सुलतानअहमदच्या मागच्या गल्लीत एका छोट्या हॉटेलात उतरलेय. सोमवारी रात्री साडेआठला मुंबईचं विमान. खोली दुपारी बाराला सोडायची, पण बॅगा खाली ठेवून घेतो म्हणालेत. म्हणजे उद्याचा आख्खा रविवार आणि सोमवारचा अर्धा दिवस हातात आहे.

मोठमोठं बघून झालं. आया सोफियात परदेशी माणसाकडून २५ युरो घेतात आणि वरच्या सज्जातूनच बघू देतात, खाली नमाजाची जागा आहे. शेजारची निळी मशीद फुकट. तोपकापी राजवाडा झाला. जमिनीखालचा तो ३३६ खांबांचा पाण्याचा हौद मला सगळ्यात जास्त आवडला. आत गार, वरून टपटप पाणी, आणि एका खांबाच्या बुडाला दगडी बाईचं मुंडकं उलटं बसवलेलं!

आता बेत असा : उद्या मोठा बाजार, ज्याला सगळे ग्रँड बझार म्हणतात. सोमवारी सकाळी दोल्माबाहचे राजवाडा, आणि तिथून बॅग घेऊन विमानतळ. जमेल का? माझं सेलूला ब्लाउज शिवायचं दुकान आहे, त्यामुळं मला गालिचे नकोत की रंगीत दिवे नकोत. लेस, बटणं, काठ असलं काही कुठं मिळतं ते सांगा. घरचे म्हणायलेत, शेवटच्या दिवशी कुठं भटकू नको, सकाळीच विमानतळावर जाऊन बस. बारा तास तिथं बसून मी काय करू?

आणि हो, मी शाकाहारी आहे. घरून आणलेले धपाटे कधीच संपले.

---

गंगाखेडकर

ताई, बारा तास नको, पण घरच्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. नवा विमानतळ शहराबाहेर पार उत्तरेला आहे आणि सोमवारी संध्याकाळी रस्ते तुंबतात. टॅक्सीच्या भरवशावर राहू नका. गायरेत्तेपेहून थेट विमानतळाची मेट्रो आहे, साधारण अर्ध्या तासाची. तुमच्याकडून ट्रामने काबाताश, तिथून जमिनीखालच्या छोट्या रेल्वेनं तक्सीम, तिथून मेट्रोनं गायरेत्तेपे. सगळीकडं इस्तंबूलकार्ट, म्हणजे इथलं प्रवासाचं कार्ड, चालतं, फक्त त्यात पैसे भरून ठेवा. गायरेत्तेपेला गाडी बदलताना लई चालावं लागतं, तेव्हा बॅगेची चाकं धड असू द्या. बॅग जड असेल तर तक्सीमहून विमानतळाची बस धरा, पण मग तासभर आधी निघा. कसंही करा, चारच्या पुढं हॉटेलात थांबू नका.

---

औसेकर

ताई, आधी बेत उलटा करा. मोठा बाजार रविवारी बंद असतो आणि दोल्माबाहचे सोमवारी. तुम्ही ठरवलंय तसं गेलात तर दोन्ही दिवशी कुलूप बघून परत याल.

म्हणजे राजवाडा उद्याच. ट्रामचा शेवटचा थांबा काबाताश, तिथून पाच-सात मिनिटं चालत. सकाळी उघडायच्या वेळी जा, नंतर रांग लागते. आणि हा राजवाडा आपल्या मराठवाड्यातल्या माणसानं चुकवू नये असं माझं ठाम मत आहे. का ते सांगतो.

शेवटचे खलिफा, म्हणजे सुन्नी मुसलमानांचे धर्मप्रमुख, अब्दुलमजीद याच राजवाड्यात राहायचे. मार्च १९२४ मध्ये तुर्कस्तानच्या संसदेनं खिलाफत मोडली आणि त्यांना रातोरात बाहेर काढलं. शहरातल्या स्टेशनवर गर्दी होईल म्हणून मोटारीनं लांब चतालजाला नेऊन तिथं रेल्वेत बसवलं. पुढं फ्रान्समध्ये त्यांचा खर्च कुणी चालवला? हैदराबादच्या निजामानं. तेव्हा आपले औसा, सेलू, परभणी सगळे त्याच्याच राज्यात, म्हणजे त्या मनीऑर्डरीत आपल्या पणजोबांनी भरलेला शेतसाराही थोडाफार असणारच. १९३१ साली नीस शहरात खलिफांची मुलगी दुर्रुशेहवार हिचं लग्न निजामाचा थोरला मुलगा आझम जाह याच्याशी झालं. खलिफा १९४४ ला पॅरिसात वारले. निजामानं त्यांच्यासाठी आपल्या खुलताबादला तुर्की धाटणीचा मकबरा बांधून घेतला होता. तुर्कस्ताननं दफनाला जागा दिली नाही, खुलताबादलाही ते आले नाहीत. दहा वर्षं देह पॅरिसच्या मशिदीत राहिला आणि १९५४ ला मदिनेत दफन झालं.

वेरूळला जाताना आपण खुलताबादवरून शंभरदा जातो, औरंगजेबाची कबर दाखवतो आणि पुढं निघतो. त्या रिकाम्या मकबऱ्याचं कुणी नाव काढत नाही. तर राजवाड्यात खलिफांचं ग्रंथालय आहे, ते बघा. गडी चित्रकारही होता. शेजारी चित्रांचं वेगळं संग्रहालय आहे, तिथं त्यांची चित्रं आहेत.

लेस-बटणांसाठी सोमवारी महमुतपाशा. मोठ्या बाजारापासून खाली एमिनोनूकडं उतरणारा रस्ता आहे, सगळा कपड्यांचा. पर्यटकांपेक्षा तिथलीच गिऱ्हाइकं जास्त. मोठा बाजार नुसता चालत पार करा आणि पलीकडं उतरा.

---

गोदाकाठ_नांदेड

औसेकर दादांचा इतिहास भारी आहे, पण मला विचाराल तर राजवाड्यानंतर राजवाडा म्हणजे डोळ्यांवर अत्याचार. साडेचार टनांचं झुंबर बघून मान तेवढी दुखली. उद्या राजवाडा केलाच तर दुपारी बेशिक्ताशपर्यंत चालत जा आणि बोटीनं पलीकडं उस्कुदारला उतरा. त्याच कार्डावर आशियात जाऊन येणं होतं. धक्क्यासमोरच सुलतानांचा वास्तुकार सिनान यानं बांधलेली मिहरीमाह सुलतानची मशीद आहे. पायरीवर बसा, चहा घ्या.

खायचं म्हणाल तर सिमीत कुठंही मिळतं, तीळ लावलेलं कडं. पालक-चीजचं ग्योझलेमे बघा, आपल्या पराठ्याच्या जवळचं. मसुराचं सूप चांगलं असतं, पण काही ठिकाणी मटणाच्या पाण्यात करतात, विचारल्याशिवाय घेऊ नका.

---

सेलूची_शिलाई (रविवार रात्र)

दोघांचंही ऐकलं. राजवाडा पण केला, बोट पण केली.

आत फोटो काढू देत नाहीत, ते एका अर्थी बरंच, बघणं तरी होतं. झुंबर आहे खरं, पण मी पडदेच बघत राहिले. हेरेके गावच्या कारखान्यात राजवाड्यासाठी म्हणून विणलेलं कापड. एका खोलीत पडद्याचा काठ आणि खुर्चीच्या गादीचा काठ एकाच नक्षीचा, आणि जोड कुठं आहे ते सापडेना. मी इतकी खाली वाकले की रखवालदार बाई धावत आली. तिला खुणेनं सुई-दोरा दाखवला. हसली, पण दोरीच्या मागं उभं केलंच.

ज्या खोलीत तुर्कस्तानचे पहिले राष्ट्राध्यक्ष अतातुर्क १० नोव्हेंबर १९३८ ला वारले तिथं पलंगावर लाल झेंडा पांघरलाय आणि घड्याळ त्यांच्या मृत्यूच्या वेळेवर, नऊ-पाचवर थांबवलंय. तिथं गर्दी सगळ्यात जास्त. त्याच माणसाच्या सरकारनं ज्याला घालवलं त्याच्या ग्रंथालयापाशी मी आणि एक म्हातारं जोडपं, बस. कपाटं छतापर्यंत, पुस्तकं काचेमागं. औसेकर दादा, तुम्ही सांगितलं नसतं तर मी पण "पुस्तकं आहेत" म्हणून पुढं गेले असते. दुर्रुशेहवार उस्कुदारकडचीच म्हणे. संध्याकाळी बोटीतून तोच किनारा दिसत होता. इथलं पाणी सोडून ही पोरगी हैदराबादच्या उन्हात कशी नांदली असेल, हेच डोक्यात.

चित्रांचं संग्रहालय राहिलं. पाय बोलायला लागले होते.

---

औसेकर

चित्रं राहिली तरी हरकत नाही, ताई. परत आल्यावर खुलताबादला जाऊन या, सेलूहून एका दिवसात होतं. गावात विचारत जावं लागेल, पाटी वगैरेची आशा धरू नका.

---

सेलूची_शिलाई (सोमवार, विमानतळावरून)

वेळेत पोचले, गंगाखेडकर भाऊ. साडेतीनलाच निघाले. गायरेत्तेपेचं चालणं तुम्ही सांगितलं त्याहून जास्त आहे.

महमुतपाशा म्हणजे माझ्यासारखीला माहेर. उतार, दोन्ही बाजूला दुकानं, मधून हमाल पाठीवर गठ्ठे घेऊन "वाट द्या" अशा आवाजात ओरडत जातात. सुंतेच्या समारंभाला लहान पोरांना घालतात ते राजपुत्राचे पांढरे पोशाख ओळीनं टांगलेले. अंगरखा, किनारीला पांढरी लव, टोपीत पीस, हातात राजदंड. एक उलटा करून शिलाई बघितली. बाहेरून राजा, आतून नुसता कच्चा टाका! एकदाच घालायचा म्हटल्यावर कोण अस्तर लावतो.

मला हवं होतं ते एका अंधाऱ्या बोळातल्या आजीबाईकडं मिळालं. ओया म्हणतात, रुमालाच्या काठाला सुईनं विणलेली फुलं. क्रोशाची नाही, साध्या सुईची, प्रत्येक पाकळीला गाठ. मिरचीच्या आकाराची पण होती, लाल-हिरवी. यंत्रावर केलेली स्वस्त लेस शेजारीच पडली होती, आजीनं स्वतःच दोन्ही माझ्या नखावर ठेवून फरक दाखवला. हाताची महाग आहे, म्हणून थोडीच घेतली. लग्नसराईत पैठणीवरच्या ब्लाउजच्या बाहीला लावून बघणार. गिऱ्हाईक किंमत ऐकून काय म्हणेल ते माहीत आहे मला, पण एक तरी नवरी ऐकेल.

नक्षीकामाची छोटी कात्री पण घेतली, ती आठवणीनं मोठ्या बॅगेत टाकली.

आता एक वेगळाच प्रश्न. विमान पहाटे मुंबईत उतरतं, त्यामुळं सकाळची तपोवन एक्सप्रेस काही सापडायची नाही. नंदीग्राम एक्सप्रेसचं तिकीट वेटिंगला आहे. रात्रीची देवगिरी बघू, की सरळ संभाजीनगरपर्यंत बस धरून पुढं सेलू? बॅगेत बटणंच चार किलो आहेत, तेवढं धरून सांगा.