वस्तीचा दवाखाना आणि महापालिकेचे मत

मानेवाडेकर:
काल येथे एका सदस्याने लिहिले की, ‘आरोग्य हा राज्याचा विषय आहे, नगरसेवक निवडण्यासाठी रांगेत उभे राहून आजवर कोणाचा ताप उतरलेला नाही.’ आपल्या नागपुरातील मोठ्या सरकारी रुग्णालयांपैकी मेडिकल आणि मेयो राज्याच्या वैद्यकीय शिक्षण विभागाकडे, डागा सार्वजनिक आरोग्य विभागाकडे आणि एम्स केंद्राकडे आहे, हे मलाही ठाऊक आहे. परंतु 74व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य आणि स्वच्छता हे विषय नगरपालिकांचे म्हणूनच नोंदलेले आहेत. तुंबलेली गडरलाइन, कूलरच्या टाकीतील डेंग्यूच्या अळ्या, वस्तीतील दवाखाना यांसाठी मंत्रालयाकडे डोळे लावण्याचे कारण नाही. आमच्या दवाखान्यात दोन वर्षे फार्मासिस्ट नव्हता. डॉक्टरच गोळ्या मोजून देत असत. आमच्या केंद्रावर निम्मेही मतदार फिरकत नाहीत, आणि केंद्रनिहाय आकडे सर्वच पक्ष बारकाईने वाचतात. जी वस्ती एका निवडणुकीला येते आणि दुसरीला झोपते, तिच्या तक्रारीला कोण भीक घालणार?

नंदनवनवासी:
तो सदस्य मीच. एप्रिल 2021 आठवून पाहा. तेव्हा महापालिकेत 151 नगरसेवक होते. सासऱ्यांना घेऊन आम्ही रात्रभर सहा रुग्णालयांच्या दारात उभे राहिलो. ऑक्सिजनचा बेड मिळाला तो पहाटे, तोही ओळखीने. ज्याला मत दिले होते, त्याचा फोन बंद होता. 2017च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने 2025पर्यंत स्थूल देशांतर्गत उत्पादनाच्या 2.5 टक्के सरकारी खर्चाचे उद्दिष्ट ठेवले, आणि राज्याच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेचे विमा संरक्षण दीड लाखावरून पाच लाखांवर नेण्याचा निर्णय 2023 मध्ये झाला. यांतील कोणता निर्णय नगरसेवकाने घेतला, ते सांगा.

निवृत्त परिचारिका:
भाऊ, ते पाच लाख रुग्ण भरती झाल्यावर कामी येतात. साखर कधीच न तपासल्याने मूत्रपिंडे गमावून बसलेला एक ऑटोचालक मला अजून आठवतो. घराजवळ दवाखाना होता, पण ओपीडी सकाळची, आणि सकाळीच त्याचा धंदा. ती वेळ संध्याकाळी ठेवा, असा आग्रह धरणे हे नगरसेवकाचेच काम आहे. तुम्ही मात्र सुधारणा म्हटले की विम्याचे कार्डच पुढे करता.

महालकर:
कोणत्या नगरसेवकाचे, ताई? प्रभाग 38, त्यांपैकी 37 प्रभागांत चार-चार जण. दवाखान्याच्या गळक्या छताचा अर्ज घेऊन मी चौघांकडे गेलो, तेव्हा पहिल्याने दुसऱ्याकडे बोट दाखवले आणि चौथ्याने पुन्हा पहिल्याकडे पाठवले. एक प्रभाग, एक नगरसेवक ही पद्धत येईपर्यंत मतदानाचा उपदेश आम्हाला करू नये.

मानेवाडेकर:
चौघे नकोत, हे मान्य. पण मार्च 2022पासून जवळजवळ चार वर्षे प्रशासक होता, तेव्हा तर बोट दाखवायलाही कोणी नव्हते. ते आवडले होते का?

महालकर:
अर्ज फिरवत चार बंगले पाहण्यापेक्षा एका टेबलावर पडून राहिलेला बरा! निदान पेट्रोल वाचले.

नंदनवनवासी:
त्या काळात फवारणीही बंद पडली नव्हती.

निवृत्त परिचारिका:
फवारणीची गाडी तुमच्या डांबरी रस्त्याने फिरली असेल. आमच्या मागच्या झोपडपट्टीत ती शिरली नाही, आणि सभागृहच नसल्याने तिथे हा प्रश्न विचारणारेही कोणी नव्हते. घरात बसून व्यवस्थेला शिव्या देणाऱ्यांना ही गल्ली दिसणार नाही.

नंदनवनवासी:
वैयक्तिक होऊ नका. सासऱ्यांना मी घरात बसून वाचवलेले नाही.

निवृत्त परिचारिका:
ते वाक्य मागे घेते. गाडीचे मागे घेत नाही.

महालकर:
चौघांपैकी सभागृहात तोंड उघडणारा एक जरी निघाला, तरी माझा अर्ज पाचव्यांदा नेईन. त्यापुढे काही कबूल करणार नाही.

नंदनवनवासी:
15 जानेवारी 2026ला महापालिकेच्या निवडणुकीत मी मत दिले नाही आणि त्याची मला लाज वाटत नाही. फवारणीचा मुद्दा मात्र मला खोडता आला नाही, एवढे लिहून ठेवा. आता मानेवाडेकरांनी सांगावे, तो फार्मासिस्ट शेवटी आला का?

मानेवाडेकर:
आला. आठवड्यातून तीन दिवस.