'पालकत्व' म्हणजे काय गं? लेकरं वाढणं, वाढवणं आणि जगवणं

गोदाकाठ :
परवा परभणीत लेकीच्या शाळेत पालकसभा होती. बाईंनी फळ्यावर मोठ्या अक्षरात 'सुजाण पालकत्व' लिहिलं. माझी आई नातीला न्यायला आली होती, ती माझ्याशेजारी अडकून बसली. मला कोपर मारून हळूच विचारते, "पालकत्व म्हंजी काय गं?"
म्हटलं, "लेकरं वाढवणं."
"लेकरं काय वाढवावी लागतेत? वाढतेत की आपली आपण."

तेव्हापासून हे डोक्यात घोळतंय. आईच्या तोंडी 'वाढवणं' येतं ते केसांचं, भावाचं, नाहीतर भांडणाचं. लेकरांचं म्हणाल तर लेकरं 'मोठी झाली', 'शिकली', 'हाताला आली'. सगळी अकर्मक क्रियापदं, कर्ता लेकरूच. (एक 'लेक उजवली', म्हणजे तिचं लग्न लावून दिलं, तेवढं सकर्मक, आणि त्यात लेकीला कुणी विचारायचं नाही हे व्याकरणातही दिसतं!) आमच्या बोलण्यात मात्र कर्ते आम्ही: मुलांना घडवतो, वाढवतो, क्लासला घालतो. तुमच्याकडच्या जुन्या माणसांच्या तोंडी यासाठी कोणता शब्द आहे?

निवृत्त मास्तर :
'संगोपन' आहे ना. पण तो पोथीतला, चुलीजवळचा नव्हे. मूळ संस्कृत 'गुप्' धातू, म्हणजे राखणे, झाकणे. 'गुप्त', 'गोपनीय' त्यातलेच. म्हणजे संगोपन म्हणजे नीट झाकून राखणं. आता कुंची, गालावरची तीट, बाळाला बाहेर न दाखवणं आठवा. दोन लेकरं गेल्यावर तिसऱ्याचं नाव दगडू नाहीतर कचरू ठेवायचे, कशाला? हे लेकरू मोलाचं आहे हे कुणाला कळू नये म्हणून. पोथीतला असला तरी त्या काळाला तो शब्द चपखल बसतो.

'पालक'ची गंमत वेगळी. त्याचाही अर्थ राखणाराच. पण माझ्या नोकरीत 'पालक' म्हटलं की बाप सोडून दुसराच कुणीतरी समजायचे. पोरगं शाळेसाठी मामाकडं नाहीतर चुलत्याकडं राहायचं, मग मामा पालक. "तुझा पालक कोण?" हा प्रश्न मी वर्गात हजारदा विचारला असेल. आईबापांना पालक म्हणणं माझ्या कानाला अजून उपरं वाटतं. आणि आई तर शाळेच्या कागदावर फारशी नसायचीच. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या लेकरांच्या नावात आता बापाच्या आधी आईचं नाव लिहायचं आहे. उशिरा का होईना.

बालाघाट :
ताई, अकर्मकाचं फार कौतुक करू नका. मला आज्जीनं लहानाचं मोठं केलं, हे सकर्मकच आहे. आमच्याकडं (बीड जिल्हा) दसरा-दिवाळी झाली की मायबाप कोयत्याला जायचे. बाहेरच्यांसाठी सांगतो, कोयता म्हणजे नुसतं हत्यार नाही, नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल जोडीच्या हिशेबानंच मिळते. धाकटं पदराला बांधून उसाच्या फडात, आणि शाळेतली लेकरं म्हातारीजवळ, थेट उन्हाळ्यापर्यंत. गावात विचारायचे, "लेकरं कुठं हायती?" उत्तर यायचं, "ठिवलीत." बस, एवढंच. त्या 'ठेवण्या'त आज्जीचं किती सांभाळणं होतं ते माझं मला ठाऊक.

गोदाकाठ :
मान्य. पण बघा, तुम्ही ते आज्जीबद्दल म्हणालात. 'लहानाचं मोठं केलं' आपण आज्जीबद्दल, मामाबद्दल, थोरल्या बहिणीबद्दल म्हणतो. ज्याच्यावर ते बंधन नव्हतं त्याचे ते उपकार. आईबाप स्वतःबद्दल असं कधी म्हणतात? फक्त भांडणात. "ह्याच्यासाठीच लहानाचं मोठं केलं का तुला?"

निवृत्त मास्तर :
हे मात्र पटलं.

चुलीमागं :
धाराशिवकडची आहे. माझ्या सासूबाई 'जगवली' म्हणतात. बहात्तरच्या दुष्काळात त्या खडी फोडायला जायच्या, बाभळीला झोळी बांधून. कामावर सुकडी मिळायची, ती आधी लेकरांना. "किती लेकरं तुम्हाला?" विचारलं तर एक आकडा कधीच सांगत नाहीत. "झाली सात, जगवली चार." हे वाक्य त्या पावसापाण्याचं सांगितल्यासारखं बोलतात. मी माझ्या एकुलत्या एकाच्या डब्यात काय द्यावं यावर तीन व्हिडिओ बघते आणि त्यांच्यासमोर मोबाइल लपवते.

एसटीचा डबा :
लातूरचा एक वाक्प्रचार नोंदवून घ्या : 'खोली करणं'. "पोरासाठी लातूरला खोली केली" म्हणजे अकरावी-बारावीच्या दोन वर्षांसाठी आई घरदार सोडून शहरात भाड्याच्या खोलीत, बाप गावाकडं शेतीवर. आमच्या वेळी खोलीत चार पोरं असायची आणि गावाकडून एसटीनं डबा यायचा. कंडक्टर डबा स्टँडवर ठेवायचा. कधी गाडी चुकली तर डबाही चुकला, मग भेळ. पूर्वी डबा यायचा, आता आईच येते. माझी बायको सध्या खोलीवरच आहे. पोरगं परवा तिला म्हणालं, "तू दिवसभर इथं काय करायलीस गं?" ती म्हणे, "तुझ्यावर ध्यान ठेवायलेय."
आमचा बाप ध्यान ठेवायचा म्हणजे आम्ही कोणत्या वर्गात आहोत ते वर्षातून एकदा, बहुतेक चुकीचं, सांगायचा.

बालाघाट :
आणि थोरल्यांसमोर स्वतःचं लेकरू उचलायचंही नाही! आमच्या चुलत्यानं त्याच्या पोराला कडेवर घेतलेलं मी कधी बघितलं नाही. चुलत भावंडं त्याला 'काका' म्हणायची म्हणून पोरगंही बापाला 'काका'च म्हणायचं. आता त्याच पोराचं पोरगं बापाला 'ए पप्पा' म्हणतं आणि चुलता ते ऐकून गालात हसतो.

गोदाकाठ :
काल 'जगवणं' आईच्या कानावर घालून बघितलं. म्हटलं, तू आम्हाला जगवलंस का? म्हणाली, "तू जगलीस. जगवायला तुझ्या आधीच्याला बघितलं."
मला आधी भाऊ होता हे अडतीस वर्षांत पहिल्यांदा कळलं. पुढं काही विचारायच्या आत ती तव्यावरची भाकर उलटायला लागली.

मास्तर, कोशात 'जगवणे' कसा दिलाय ते जरा बघता का?