चार्टरची डावी सीट सोडून एअरलाइनच्या उजव्या सीटवर बसावं का? वय ३७

कृष्णाकाठ:

बरीच वर्षं नुसता वाचतोय, लिहितोय पहिल्यांदा. एका एअरलाइनची ऑफर हातात आहे आणि उत्तर द्यायला बारा दिवस उरलेत. डावी सीट कॅप्टनची, उजवी सहवैमानिकाची, म्हणून हा प्रश्न.

मी मूळचा सांगलीचा, राहायला ठाण्यात. नऊ वर्षं एकाच उद्योगसमूहाचं विमान उडवतोय. साहेबांना (म्हणजे मालकांना) नको असेल तेव्हा तेच विमान चार्टरवर, म्हणजे भाड्याने, जातं. एकूण तास ३१००: दोनशे फ्लाइंग स्कूलचे, तेराशे किंग एअर बी२०० या पंख्याच्या विमानावर, बाकीचे सायटेशन एक्सएलएस या छोट्या जेटवर. एटीपीएल (एअरलाइनमध्ये कॅप्टन व्हायला लागणारं लायसन्स) झालंय. मुलाखतीत पहिलाच प्रश्न आला, "५७०० किलोच्या वरच्या विमानावर पीआयसी तास किती?" पीआयसी म्हणजे कमांडर म्हणून उडवलेले. बी२०० चं कमाल टेकऑफ वजन ५६७० किलो. माझी चार वर्षं तीस किलोंनी हुकली! हसू आलं, पण तिथे हसता येईना.

ऑफर एअरबस ए३२० वर फर्स्ट ऑफिसरची, म्हणजे सहवैमानिकाची, आहे. टाइप रेटिंगचे (त्या विमानापुरत्या प्रशिक्षणाचे) पैसे आधी कंपनी भरणार आणि मग पगारातून कापून घेणार. पाच वर्षांचा बाँड. बेस, म्हणजे कुठल्या शहरातून उडायचं, ते तेच ठरवणार. पहिली दोन वर्षं हातात येईल ते आजच्या निम्म्याहून थोडं जास्त. डावी सीट "साधारण चार वर्षांत", असं एचआरच्या बाई म्हणाल्या. हे "साधारण" लेखी कुठेच नाही.

आता सध्याच्या नोकरीबद्दल. वर्षाला तीन-सव्वातीनशे तास उडतो, म्हणजे कागदावर आराम. पण रात्री साडेदहाला फोन येतो, "उद्या सहाला नांदेड." मग फ्लाइट प्लॅन, मुंबईचा स्लॉट, म्हणजे उडायची-उतरायची मंजूर वेळ (गर्दीच्या तासांत आम्हाला विचारतो कोण?), हँडलर, इंधन, साहेबांचं बिनसाखरेचं उपीट, सगळं मी आणि माझा फर्स्ट ऑफिसर बघतो. तिकडे पोचलो की वाट बघायची. गेल्या हिवाळ्यात एका लग्नाला गेलो होतो. धावपट्टीवर रात्रीचे दिवे नाहीत, सूर्यास्त सहाला. साडेपाचला साहेबांच्या पीएचा फोन, "पंगत आत्ताच बसली, अर्धा तास थांबा." मी म्हटलं, अर्धा तास थांबलो तर रात्रभर थांबू. आले बिचारे हात न धुता. परतीच्या वाटेत एक शब्द बोलले नाहीत, मुंबईत उतरल्यावर मात्र म्हणाले, "बरोबर केलंस." अशी माणसं सगळ्यांना मिळत नाहीत हे मला माहीत आहे.

आणि मजाही आहे. मे महिन्यात चिपीहून मॅडमच्या हापूसच्या आठ पेट्या येतात. मी त्या एकेक वजन करून मागे कुठे ठेवायच्या ते ठरवतो, आणि पुढे आठवडाभर केबिनला आंब्याचा वास. कराडसारख्या छोट्या धावपट्टीवर हाताने विमान उतरवण्यात जे सुख आहे ते ए३२० वर मिळेल का, शंका आहे.

मग जायचं कशाला? साहेब ७१ चे आहेत. धाकटे साहेब लंडनहून परत आलेत आणि त्यांच्या लेखी विमान म्हणजे ताळेबंदातली खर्चाची एक ओळ. ते विमानात बसले की तासाला किती खर्च येतो ते विचारतात, दरवेळी. एअरलाइनमध्ये ६५ पर्यंत उडता येईल, म्हणजे अजून २८ वर्षं. पण एअरलाइनचा तरी काय भरवसा? किंगफिशर २०१२, जेट २०१९, गो फर्स्ट २०२३.

बायको म्हणते, तू ठरव. वडील म्हणतात, कॅप्टनचा परत असिस्टंट व्हायला निघालास? लेक पाच वर्षांची आहे, तिचं मत आंब्याच्या बाजूने.

तिसरा_सेक्टर:

मी हेच केलं, तुमच्यापेक्षा एक वर्ष उशिरा, ३८ व्या वर्षी. हॉकर ८०० एक्सपी हे चार्टरचं जेट सोडून आलो. आज सात वर्षं झाली.

पहिलं वर्ष वाईट गेलं. कामाचा भार जड नव्हता, सवयी जड होत्या. चार्टरमध्ये मी दार उघडायचो, कॉफी ओतायचो, हवामान बघून कुठून वळसा घालायचा ते माझं मी ठरवायचो. इथे प्रत्येक वाक्य ठरलेलं, आणि तेही ठरलेल्या क्षणीच बोलायचं. लँडिंग जरा लांबलं की डेटा बघणाऱ्या विभागातून फोन. एकदा मी सवयीने प्रवाशाची बॅग वर ठेवायला उठलो, केबिन क्रूने माझ्याकडे असं पाहिलं की विचारू नका.

माझा लाइन ट्रेनिंगचा (प्रवाशांसह प्रत्यक्ष उड्डाणांवरच्या शिक्षणाचा) पहिला कमांडर २९ वर्षांचा होता. मी त्याला 'सर' म्हटलं, त्यानेही मला 'सर' म्हटलं, पुशबॅकपर्यंत, म्हणजे विमान मागे ढकलून निघेपर्यंत, आमचं सरसर चाललं होतं. पण त्याने दिल्लीच्या धुक्यात जे शिकवलं ते मला हॉकरवर दहा वर्षांत शिकायला मिळालं नसतं. त्यामुळे वडिलांना सांगा, असिस्टंट नव्हे, विद्यार्थी.

आता कामाचं. चार वर्षांत कॅप्टनपदी अपग्रेड होईल का, हे त्यांना विचारू नका, कारण कुणीही सांगू शकत नाही. विचारायचं ते हे: सिनियॉरिटीची तारीख कुठली धरणार, जॉइनिंगची की लाइन रिलीजची (ट्रेनिंग संपून नेहमीच्या उड्डाणांवर सोडतात त्या दिवसाची)? माझ्या बॅचला सिम्युलेटर मिळायला पाच महिने लागले. त्या पाच महिन्यांत दुसऱ्या बेसवर माझ्यानंतर जॉइन झालेले लोक माझ्या पुढे गेले, आणि आजही आहेत. सुट्टी, बेस बदली, अपग्रेड, सगळं त्या एका आकड्यावर. पगार दोन वर्षांनी भरून निघतो, हा आकडा कधीच बदलत नाही. दुसरं, ट्रेनिंगच्या काळात पगार पूर्ण की भत्ता? तिसरं, बाँड कुठल्या दिवसापासून मोजणार? तिन्ही उत्तरं ईमेलवर घ्या, फोनवर नको.

एक अजून. ऑफर आत्ता का आली ते लक्षात घ्या. २०२५ च्या जुलैपासून पायलटांची साप्ताहिक विश्रांती ३६ ची ४८ तास झाली, नोव्हेंबरपासून रात्रीच्या लँडिंगवर मर्यादा आली, आणि डिसेंबरात इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली ते सगळ्यांनी पाहिलं. त्याच कामाला आता जास्त पायलट लागतात. असं दार नेहमी उघडं नसतं.

हवापाणी:

काका, २०० तासांचं सीपीएल (व्यावसायिक वैमानिकाचं लायसन्स) घेऊन दीड वर्ष घरी बसलोय. तुम्ही जाणार असाल तर तुमच्या सायटेशनच्या उजव्या सीटचं बघा ना काही. उपीट मी स्वतः करून आणेन.

जुना_कॅप्टन_६३:

मी उलटा प्रवास केलेला माणूस. माझी एअरलाइन बंद पडली (तुम्ही दिलेल्या यादीवर बोट ठेवणार नाही), तेव्हा मी पन्नाशी ओलांडली होती. चार्टरने मला उभं केलं, म्हणून चार्टरबद्दल वाईट ऐकून घ्यायला मी तयार नाही.

दोन मालक पाहिले. पहिल्याच्या वेळी माझं मेडिकल (उडायला लागणारं वैद्यकीय प्रमाणपत्र) गेलं, हृदयात स्टेंट. अकरा महिने जमिनीवर होतो. त्या गृहस्थाने अकरा महिने पूर्ण पगार दिला. कुठल्या कागदावर लिहिलं नव्हतं, दिला. दुसऱ्याच्या वेळी एक दिवस हँगरमध्ये एक अनोळखी मनुष्य विमानाचे फोटो काढताना दिसला. विचारलं तर म्हणाला, "मी ब्रोकर, विमान विकायला काढलंय ना?" मला तेव्हा कळलं. मालक वाईट नव्हता. त्याला वाटलं असावं, ड्रायव्हरला काय सांगायचं गाडी विकताना.

दोन्ही अनुभवांचा अर्थ एकच: सगळं एका माणसाच्या मनावर. तुमचे साहेब पहिल्या जातीचे दिसतात, पण तुम्ही २८ वर्षांचा हिशेब मांडताय आणि ते ७१ चे आहेत. धाकट्याशी बोलून काही कळणार नाही. तुमच्या मेंटेनन्सच्या माणसाला विचारा, पुढच्या मोठ्या इन्स्पेक्शनची तारीख कुठे बुक झाली आहे का. ज्याला विमान ठेवायचं असतं तो तारीख आधीच धरून ठेवतो. ज्याला विकायचं असतं तो "बघू" म्हणतो.

आणि लॉस ऑफ लायसन्सचा, म्हणजे तब्येतीमुळे लायसन्स गेलं तर पैसे देणारा, विमा. तुम्ही त्याबद्दल एक अक्षर लिहिलं नाहीत, म्हणजे नसणार. एअरलाइनमध्ये असेल तर रक्कम विचारा, इथेच राहणार असाल तर या महिन्यात स्वतःचा काढा. मला भेटला तसा सज्जन मालक भेटेल म्हणून बसू नका.

रॉस्टरची_बायको:

मी पायलट नाही, एअरलाइन पायलटची बायको आहे. पायलट लोक रॉस्टरबद्दल, म्हणजे ड्युटीच्या वेळापत्रकाबद्दल, असं बोलतात की जणू रॉस्टर आलं म्हणजे माणूस घरी आला. रॉस्टर आल्यामुळे एवढंच होतं की गणपतीत तो नसणार हे आधी कळतं. नव्या माणसाला दिवाळी-गणपतीची सुट्टी पहिली काही वर्षं विसरायची. आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती गेली चार वर्षं माझ्या भावाच्या हातून बसतो.

पहाटे अडीचला गाडी येते. तो घरी असतो तेव्हा दुपारी पडदे लावून झोपलेला असतो आणि मी मुलाला "हळू बोल" म्हणत असते. ४८ तासांची सुट्टी झाल्यापासून फरक पडला हे खरं. पहिला दिवस झोपेत जातो, दुसरा आमचा असतो. पूर्वी दुसरा नव्हताच.

तरीही मी जा म्हणेन. कारण फोन. तुम्ही लिहिलंय साडेदहाचा फोन. तो फोन तुमची बायकोही ऐकते. ती "तू ठरव" म्हणतेय, पण तिला एकदा विचारा की ती रात्री साडेदहाला काय करत असते. आणि बेसचं नीट ठरवा. बेस हैदराबाद आणि घर ठाणे असं करू नका. आम्ही केलं. सुट्टीचा अर्धा दिवस घरी यायच्या विमानात रिकाम्या सीटची वाट बघण्यात जातो.

कृष्णाकाठ:

सगळ्यांचे आभार. मधले पाच दिवस उडत होतो, म्हणून उशीर.

जुना_कॅप्टन_६३, मेंटेनन्सच्या माणसाला विचारलं. पुढचं मोठं इन्स्पेक्शन मार्चमध्ये. मी विचारलं, तारीख? तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "बघू म्हणालेत." तुमचाच शब्द. त्याने हा धागा वाचला नसेल अशी आशा आहे. विम्याचंही बरोबर ओळखलंत. नव्हता. काल अर्ज भरला.

तिसरा_सेक्टर, ईमेलला उत्तर आलं. सिनियॉरिटी जॉइनिंगपासून, ट्रेनिंगमध्ये भत्ता, बाँड लाइन रिलीजपासून. म्हणजे पाच वर्षांचा बाँड प्रत्यक्षात साडेपाचचा. बेस मुंबई "उपलब्धतेनुसार". त्यावर अजून भांडतोय.

बायकोला विचारलं. ती म्हणाली, नऊ वर्षं ती साडेदहा वाजेपर्यंत दात घासत नाही. फोन आला तर डबा करायला उठावं लागतं, मग परत घासावे लागतात. मला हे माहीत नव्हतं.

साहेबांना अजून सांगितलेलं नाही. ते मंगळवारी बंगळुरूला जाणार आहेत, परतीच्या वेळी जमिनीवर, विमान थांबल्यावर सांगेन. हवेत नको. सहा महिन्यांचा नोटीस पीरियड पूर्ण भरणार, म्हणजे यंदाचे आंबे माझ्याच हातून येतील.

हवापाणी, उजव्या सीटवरचा पोरगा आहे तिथेच आहे, पण तुझा बायोडाटा मला खाजगी संदेशात पाठव. मार्चनंतर विमान असलं तर देतो पुढे.

एक शेवटची शंका: ऑफर पक्की व्हायच्या आधीचा असेसमेंटचा सिम्युलेटर चेक मुद्दाम ए३२० वरच घेतात, की दुसऱ्या कशावर? ऑटोथ्रस्टची (इंजिनची ताकद आपोआप सांभाळणाऱ्या यंत्रणेची) सवय मला अजिबात नाही आणि चेक शनिवारी आहे.

तिसरा_सेक्टर:

ए३२० वरच. ऑटोथ्रस्ट चालू असताना थ्रस्ट लीव्हर (इंजिनचे दांडे) हलत नाहीत, त्याने घाबरू नका, सगळ्यांचाच हात पहिल्या दिवशी तिकडे जातो. शुक्रवारी संध्याकाळी फोन करा, नंबर संदेशात टाकलाय. साडेदहाच्या आत करा.